उजवं-डावं

आम्हा भावंडांत बाबांनी
कधी उजवं-डावं केलं नाही.
आता त्यांच्याच अंगाने केलं.
डावीकडे बाबा राहिले.
उजवीकडे कुणीतरी परकं
चादरीवर आडवं पडलेलं.

तोर्शावनचं इस्पितळ, चौथा मजला.
खिडकीतून बंदर दिसतं,
आणि आमच्या बेटावरून फेरी आली की नाही, तेही.
वारा असेल तर येत नाही.
मग तिकडे अडकलेला हॉग्नी
मेंढ्यांना गोठ्यात घेता घेता
फोन बाबांच्या कानाशी धरायला सांगतो.
बोलत काहीच नाही.
आम्हाला नुसतं बें बें ऐकू येतं.
बाबांचा डावा डोळा हसतो.

पहिल्या आठवड्यात पाणीसुद्धा
पावडर घालून, घट्ट करून, चमच्याने.
चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस
घोटभर पाण्याला ठसकत होता.
आई वहीत लिहायची:
मंगळवार, सात चमचे.
बुधवार, सहा. एक सांडला, तो माझ्या हातून.

सुन्वा रोज दहाला यायची,
पलंगावरच्या टेबलावर लाकडी खुंट्या मांडायची.
उचला. पुन्हा. एकदाच फक्त.
हात ऐकत नव्हता.
किंवा ऐकत असेल,
बोलत नसेल, बाबांसारखाच.
सुन्वा गेली की मी त्या खुंट्या मोजायची,
जणू एखादी कमी भरेल.

डॉक्टर म्हणाले, होईल, पण हळूहळू.
किती हळू, हे मी विचारलं
आणि विचारल्याची मलाच लाज वाटली.
आईने विचारलं नाही.
ती घरून लोकरीच्या लडी घेऊन आली होती,
करड्या, न रंगवलेल्या,
ओल्या मेंढीचा वास अजून तसाच असलेल्या.
नर्सने नाक मुरडलं, मग खिडकी उघडली, मग बंद केली.

लड धरायला दोन हात लागतात.
माझे होते, रिकामेच होते.
पण आई माझ्याकडे वळलीच नाही.
तिने बाबांचे दोन्ही हात उशांवर टेकवले,
त्यांवर लड चढवली,
जशी लग्नापासून प्रत्येक हिवाळ्यात चढवत आली,
आणि गुंडा वळायला बसली.
मी म्हणाले, आई, खुंटी नाहीये ती.
ती म्हणाली, माहीत आहे मला. तू चहा आण.

तीन दिवस उजवा हात नुसता खुंटीच होता.
लोकर अडकायची, आई उठून सोडवायची,
पुन्हा बसायची.
कंटाळा कसा येत नाही, म्हणून
माझीच चिडचिड व्हायची.

चौथ्या दिवशी मी जॅमचा डबा उघडत होते,
रुबार्बचा, हॉग्नीने पाठवलेला, झाकण घट्ट बसलेलं.
मागे वळले तर
डावा हात झुकला, धागा सुटला.
आणि उजवा
एवढासा, वाऱ्यात माळावरचं गवत हलावं इतकाच,
झुकला.
पुन्हा.
खुंट्यांसाठी नाही, आमच्यासाठीही नाही,
पुढचा धागा मोकळा करायचा असतो म्हणून.

आईने वर बघितलं नाही.
गुंडा मात्र भराभर वळू लागली,
जरा जास्तच भराभर.
तेव्हा बाबा म्हणाले,
अर्ध्याच तोंडाने, पण स्पष्ट,
एकोणीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य:
"एवढं ताणू नकोस."

आई रडली, ती त्यानंतर, जिन्यात.
वहीत लिहिलं: शनिवार. माझ्यावर ओरडले.

अजून पुष्कळ बाकी आहे.
बटण लागत नाही, डाव्या पायाचा बूट उजव्याला जातो,
आणि मला रान्वा म्हणता येत नाही त्यांना.
तोंडात येतं ते तारी,
नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या आमच्या कुत्रीचं नाव.
सुन्वा दुरुस्त करते.
मी करत नाही.
तारी, म्हणतात ते,
आणि मी जिथे असेन तिथून येते.